जत्रेतली शर्यत कशी भरवायची: गट, बाहेरची जनावरं आणि पैसा, सीमाभागातल्या कमिट्यांसाठी

जत्रा कमिटीची मिटिंग बसली की आमच्याकडं पहिला विषय निघतो तो बक्षिसाचा, पलीकडच्या गावानं बुलेट ठेवली मग आपण काय ठेवायचं, आणि त्यातच रात्रीचे अकरा वाजतात. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड कुठंही जावा, हेच. मी बरीच वर्षं आमच्या दूधगंगेकाठच्या गावात बैलगाडी-घोडागाडी शर्यतीच्या नोंदणीच्या टेबलावर बसतोय आणि त्या टेबलावरनं मला एक दिसलं ते असं की बक्षीस वाढत गेलं तसतशी गावातली जनावरं कमी होत गेली. आमच्या एका गल्लीतनं आदत गटाला, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या खोंडांच्या गटाला, सात-आठ खोंडं निघायची, परवाच्या जत्रेला दोन निघाली. बक्षीस कमी म्हणून नाही, आपला नंबर येणारच नाही हे घरातनं निघतानाच माहीत असतंय म्हणून. म्हणून माझं म्हणणं असं की बक्षिसाचा विषय सगळ्यात शेवटी घ्या, आधी गट नीट पाडा, मग बाहेरनं येणाऱ्या जनावरांचं ठरवा, आणि मग पैशाकडं या, म्हणजे पैसाही कमी लागतो.

आधी कागदाचं सांगतो, थोडक्यात, कारण हे चुकलं तर पुढचं सगळं फुकट.

बैलगाडी शर्यतीवर ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली होती, पुढं कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही सरकारांनी आपापले दुरुस्ती कायदे केले आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ते कायदे वैध ठरवले. म्हणजे शर्यत घेता येते, पण अटी पाळून. आपण कर्नाटकात, त्यामुळं डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसची लेखी परवानगी, तहसीलदार, पोलिस स्टेशन आणि पशुवैद्यकीय खातं अशा चारी ठिकाणी अर्ज द्या, अर्ज कन्नडमध्ये द्या, पटकन पुढं सरकतो, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभर आधी सुरुवात करा. महाराष्ट्राच्या नियमात पळण्याचं अंतर १००० मीटरच्या वर नको असं आहे, आपणही तेवढंच धरून चाला, कारण अर्धी जनावरं तिकडनंच येणार आणि १००० मीटर हे जनावराच्या जिवाच्या हिशोबानं बरोबरच आहे.

घोडागाडीचं मात्र नीट समजून घ्या. ह्या दुरुस्त्यांमध्ये बैल आणि म्हशी-रेडे आहेत, घोडा नाही. घोड्याला १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा जसाच्या तसा लागू आहे. बैलगाडीची परवानगी मिळाली म्हणजे घोडागाडी त्यातच आली असं समजून पुष्कळ कमिट्या पत्रक छापतात आणि मग ऐन सकाळी पीएसआय येऊन उभे राहतात. घोडागाडीसाठी वेगळा अर्ज करा, उत्तर लेखी घ्या, नाही म्हणाले तर त्या वर्षी घेऊ नका. घोडा आणि बैल एका गाडीला जुंपायचा प्रकार तर पूर्ण बंद करा, दोघांची उंची वेगळी, पळायची पद्धत वेगळी, एकाचा खांदा जातो नाहीतर दुसऱ्याचा पाय.

आणि डांबरी रस्त्यावर नको. लांब पल्ल्याची शर्यत, रस्त्यानं जायचं, निशाणाला वळसा घालून परत यायचं, मागंपुढं शंभर मोटारसायकली हॉर्न वाजवत, ही आपल्या भागाची जुनी सवय आहे, मला माहीत आहे. एका गावात माझ्या डोळ्यासमोर रेसकोर्सवरनं निवृत्त झालेला उंच घोडा डांबरावर नाल घसरून पडला, मागनं येणारी मोटारसायकल त्याच्या अंगावरनं गेली. तो घोडा उठला नाही. मालक रस्त्यावर बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता आणि माईकवर पुढच्या गटाचं नाव पुकारत होते. तेव्हापासनं मी रस्त्यावरच्या शर्यतीची नोंदणी करत नाही. माळ बघा, ऊस तुटलेलं रान बघा, दगड वेचा, नांगरट करून फळी मारा, पाणी शिंपडा.

आता गट. ह्याला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण शर्यत इथंच टिकते नाहीतर इथंच मोडते.

बैलाचे गट आपण दातावर पाडतो, आदत, दुसा म्हणजे दोन पक्के दात, चौसा म्हणजे चार, आणि मग सगळ्यांचा जनरल. पद्धत चांगली आहे, बिनखर्चाची आहे, बैलाला खालच्या जबड्यात पुढं आठ दात, दुधाचे पडून जोडीनं पक्के येतात, साधारण दोन-अडीच वर्षाला पहिली जोडी आणि चार-साडेचार वर्षापर्यंत जुळतो, म्हणजे सगळे दात पक्के होतात. पण दात बघतंय कोण? पुष्कळ मैदानात मालक सांगतो ते लिहून घेतात. तसं करू नका. दात बघायला दोन माणसं बसवा, एक आपल्या गावचा जाणता आणि एक बाहेरच्या गावचा ज्याची त्या गटात गाडी नाही, आणि शक्यतो सरकारी दवाखान्यातले डॉक्टर शेजारी असू देत. दात बघायचा तो नोंदणीच्या वेळी, सगळ्यांसमोर, उजेडात. पहिली जोडी नुकती फुटत असेल, म्हणजे हिरडीतनं पांढरं दिसत असेल, तर ते खोंड आदत धरायचं का दुसा, हे पत्रकावरच आधी छापून टाका, कारण निम्मी भांडणं ह्याच एका दातावरनं होतात. आम्ही असं धरतो की पक्का दात हिरडीच्या वर आला की दुसा. हिरडी सुजलेली दिसली, ताजी जखम दिसली, दात उपटल्याचा संशय आला, तर सरळ जनरलला टाका आणि कारण माईकवर सांगा.

पैऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याचा बैल जोडीला घेऊन गाडी जुंपण्याचा, घोळ वेगळा. एक खोंड खरंच आदत, आणि पैऱ्यात दुसऱ्याचा चौसा आणून जुंपला, वर सांगायचं गाडी आदतची आहे. नियम एकच ठेवा, जुवाखालची दोन्ही जनावरं त्याच गटातली पाहिजेत, आणि एक जरी वरच्या गटातला असला तर गाडी वरच्या गटात. एक बैल एका दिवसात दोन मालकांच्या नावावर पळताना दिसला तर दोन्ही गाड्या बाद. हे पकडायला कानातला बारा आकडी बिल्ला बघा, नोंदणीच्या वेळी आकडा लिहून घ्या आणि सुटायच्या रेषेवर परत ताडून बघा, दोन पोरं लागतात आणि मोबाईलवर फोटो काढला की काम होतंय.

पण नुसत्या वयानं भागत नाही. दोन खोंडं एकाच वयाची, एक शेतात राबून संध्याकाळी पेंड खाणारं आणि दुसरं जन्मापासनं फक्त पळवायसाठी दुधा-अंड्यावर वाढवलेलं, दहा मैदानं मारलेलं. वयानं सारखी, पळण्यात जमीन-अस्मानाचा फरक. इथं जिंकण्याचा हिशोब धरावा लागतो. ज्या जोडीनं त्या मोसमात आदतला दोन वेळा पहिला नंबर काढला ती पुढच्या मैदानात दात कुठलाही असो दुसा गटात, दुसाला दोनदा जिंकली की चौसात. आणि उलटंही करा, जनरलला तीन मैदानं पळून एकदाही फायनलला आली नाही ती गाडी खालच्या गटात येऊ शकते. वर चढवायचा नियम सगळेच करतात, खाली उतरवायचा कोणी करत नाही, आणि म्हणून एकदा वर गेलेला छोटा मालक घरी बसतो.

ही अडचण आपलीच आहे असं नाही बरं का. परदेशात घोडागाडी शर्यतीचा मोठा धंदा आहे, हार्नेस रेसिंग म्हणतात, अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. दोन चाकांची हलकी गाडी, सल्की म्हणतात तिला, आणि बहुतेक देशांत स्टँडर्डब्रेड नावाची घोड्याची जात. नावाचा अर्थ असा की १८७९ ला अमेरिकेतल्या लोकांनी ठरवलं, एक मैल अडीच मिनिटात तोडेल तोच नोंदीला घ्यायचा, ते स्टँडर्ड, म्हणून स्टँडर्डब्रेड. त्यांच्यातही हाच वाद चालतो की चांगल्या घोड्याला किती मागं ठेवायचं. फ्रान्समध्ये पुष्कळ शर्यतीत ज्या घोड्यानं जास्त बक्षीस कमावलं त्याला २५ मीटर मागनं सोडतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडं उभ्या सुटीच्या, म्हणजे घोडे जागेवर उभे करून सोडायच्या, शर्यतीत १०, २०, ३० मीटर असे टप्पे असतात. त्यातनं खेळ रंगतो, पण दुसरं टोकही आहे, मालक म्हणतो जिंकलो की मागं जातोय, मग कशाला जिंकायचं, आणि घोडा हातात धरून हाकतो, म्हणजे मुद्दाम मागं ठेवतो, नाहीतर चांगला घोडा दुसऱ्या देशात विकून टाकतो.

आपल्याला ह्यातनं काय घेता येतं? माझ्या मते मागनं सोडायची पद्धत घोडागाडीला लावून बघण्यासारखी आहे, बैलगाडीला नाही. बैल आपापल्या तासातनं, म्हणजे आखलेल्या पट्टीतनं, पळतो, बाजूची जोडी पुढं उभी दिसली तर बिचकतो, आणि सुटताना जागेवर ठेवायला चार माणसं लागतात. घोडा लगामात असतो. समजा तुमच्या मैदानातला घोडा १००० मीटर १०० सेकंदात तोडतो, म्हणजे सेकंदाला १० मीटर, मग २५ मीटर मागं ठेवलं तर अडीच सेकंद जातात. गावच्या शर्यतीत पहिल्या-दुसऱ्यात त्यापेक्षा जास्त अंतर असतंय, म्हणजे २५ नं चांगला घोडा मरत नाही आणि बाकीच्यांना आशा राहते. मोसमात एक मैदान जिंकलं की १० मीटर मागं, दोन जिंकली की २०, आणि ३० च्या पुढं कोणालाच न्यायचं नाही. तीन मैदानं नंबर नाही आला की १० मीटर परत पुढं. हे परत पुढं आणणं विसरू नका, त्याच्याविना मालक घोडा हातात धरून हाकणारच.

मागनं सोडायचं तर चुन्याच्या रेषा आधी टेपनं मोजून मारा, पावलानं मोजू नका. प्रत्येक रेषेवर आडवा दोर, दोर धरणारा माणूस वेगळा, आणि निशाणवाला एकच. सुटी चुकली तर परत बोलवायचं निशाण शंभर मीटरवर दुसऱ्या माणसाकडं पाहिजे. अमेरिकेत १९४६ पासनं मोटारीला फाटक बांधून घोडे पळता पळता सोडतात, आपल्या माळावर ते जमणारं नाही, दोर बरा.

घोड्याचा गट दातावर पाडण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. अडीच, साडेतीन, साडेचार वर्षाला पक्क्या दातांची जोडी येते आणि पाचाला जुळतो, त्यामुळं पाचाच्या पुढं सगळेच सारखे. एक मात्र करा, जुळल्याशिवाय गाडीला घ्यायचा नाही, कोवळ्या हाडावर गाडी ओढवली की पुढचे पाय बसतात. घोड्याला उंचीवर गट पाडा. काठी उभी करा, मानेच्या बुडाला जिथं खांद्याचा उंचवटा आहे तिथं मोजा, सपाट फरशीवर, नालासकट. ५८ इंच म्हणजे घोड्याच्या मापातले, चार इंचाचा एक असे, साडेचौदा हात, तिथं पुष्कळ देशांत तट्टू आणि घोडा अशी रेघ धरतात, आपणही तिथंच धरा. आपल्याकडचा गावठी, भीमथडी रक्ताचा घोडा त्या रेघेच्या खाली बसतो, रेसकोर्सवरनं आलेला थरोब्रेड वर जातो.

दुसरा एक उपाय आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. हार्नेस रेसिंगमध्ये घोड्याला चौखूर उधळायला परवानगीच नसते. दुडकी नाहीतर रवाल (एका बाजूचे दोन्ही पाय जोडीनं टाकायची चाल), ठरलेल्या चालीतच पळायचं, चाल मोडली की हाकणाऱ्यानं आवरून परत चालीत आणायचा, नाही आणला किंवा त्यात फायदा घेतला तर बाद. आपल्या घोड्यांना रवाल शिकवणारी माणसं अजून आहेत, सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या बाजारात जाऊन बघा, चालीवर किंमत ठरते. तर घोडागाडीची एक फेरी दुडकी-रवालची ठेवा. उधळण्यात पटाईत असलेल्या थरोब्रेडचा फायदाच संपतो, घोडे कमी पडतात, पाय कमी मोडतात, आणि घोड्याला शिकवणाऱ्या माणसाला किंमत येते. पंच मात्र दर दोनशे मीटरला एक पाहिजे, हातात लाल कापड, चाल मोडली की वर. पहिल्या वर्षी लोक आरडाओरडा करतील की ही कसली शर्यत, दुसऱ्या वर्षी स्वतःच मोजायला लागतात कोणाची कितीदा मोडली.

आता बाहेरची जनावरं. ह्या विषयावर मिटिंगा मोडतात, म्हणून शांतपणे बघूया.

बाहेरचं म्हणजे काय? खिल्लार आटपाडी-सांगोल्याकडनं येतो, खरसुंडीच्या बाजारातनं आणतात, मग आपल्या गोठ्यातला खिल्लार बाहेरचा का आतला? आपल्या कृष्णेकाठचीच गोष्ट घ्या, कृष्णा व्हॅली ही जात मुळात बाहेरनं रक्त आणूनच तयार झाली, एकोणिसाव्या शतकात इकडच्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज असली रक्तं स्थानिक गाईत मिसळली आणि काळ्या रानात नांगर ओढणारा बैल उभा राहिला. आज ती जात शोधावी लागते ती गोष्ट वेगळी. तेव्हा बाहेरचं रक्त आलं तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तयार जनावर चार दिवसासाठी आणून, बक्षीस मारून, परत नेण्यावर. त्यात आपल्या भागाला एक वासरू मिळत नाही. न्यूझीलंडचे तयार घोडे ऑस्ट्रेलियात विकले जातात आणि तिथला पैदास करणारा म्हणतो मी पिल्लू वाढवून काय करू, ते दुखणं आणि आपलं दुखणं एकच आहे.

बंदी घालू नका. सीमेवरचं गाव आहे, अर्धे पाहुणे कागल-शिरोळ-मिरजेचे, त्यांना बंद केलं तर उद्या तेही आपल्याला बंद करतील, आणि ह्या सीमेनं आधीच पुष्कळ घरं दुभंगलीत. त्याऐवजी दोन गोष्टी करा. जनरल गट सगळ्यांना खुला. आदत गट मात्र अशा खोंडांना राखून ठेवा जी मैदानाच्या तारखेच्या आधी किमान सहा महिने आसपासच्या तालुक्यातल्या गोठ्यात आहेत, मग तालुका चिकोडी असो नाहीतर हातकणंगले, सीमा बघायची नाही, गोठा बघायचा. पुरावा म्हणून बिल्ल्याची नोंद आणि लसीचा कागद. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तिथं नोंदलेल्या स्टॅलियनच्या, म्हणजे वळू घोड्याच्या, पिल्लांसाठी विकब्रेड नावानं वेगळ्या शर्यती राखून ठेवल्यात, तसाच हा प्रकार. दुसरी गोष्ट, जिंकणारं खोंड वासरू म्हणून ज्याच्या गोठ्यात जन्मलं त्याला वेगळं बक्षीस, मालक आता कोणी का असेना. म्हातारा शेतकरी, ज्यानं गाय सांभाळली, वासरू वीस-पंचवीस हजाराला विकलं आणि तेच खोंड पुढं लाखात गेलं, त्याला स्टेजवर बोलवा. आम्ही पहिल्यांदा बोलवलं तेव्हा त्या माणसाला माईकवर एक शब्द बोलता आला नाही, पण पुढच्या वर्षी त्याच्या गल्लीत तीन गाई खिल्लार वळूनं भरवल्या गेल्या.

बाहेरनं जनावर येणार म्हणजे रोगही येणार, इथं अजिबात दयामाया नको. बैलाला लाळ-खुरकूत आणि लंपीची लस, कागद बघितल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही. २०२२ ला लंपीनं दोन्ही राज्यातले बाजार आणि शर्यती बंद पडल्या होत्या, ते दिवस आठवा. घोड्यात ग्लँडर्स बघा, नाकातनं चिकट पू, पायावर-अंगावर गाठी फुटणं, ताप. ह्याला उपचार नाही, माणसालाही लागतो, आणि तपासणीत निघाला तर २००९ च्या रोग प्रतिबंध कायद्याखाली जनावर मारावं लागतं. विकत घेण्याच्या आधी सरकारी दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना द्या, ह्या रोगाची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात आहे, रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून मैदानाच्या आदल्या आठवड्यात अकलूजच्या बाजारातनं घोडा आणून सरळ गाडीला जुंपायचं हे चालणार नाही. नवीन आलेला घोडा निदान पंधरा दिवस वेगळा बांधा, वेगळी बादली, वेगळा खरारा.

पलीकडनं येणाऱ्यांना फोनवर सांगून ठेवा की कोगनोळी नाक्यावर गाडी अडवली तर दाखवायला कागद जवळ पाहिजेत. कर्नाटकात २०२० च्या गोहत्या प्रतिबंध कायद्यानंतर बैल भरलेली गाडी बघितली की चौकशी होते, आणि कागद नसले तर खरा शर्यतवालाही तासन् तास उन्हात अडकतो, गाडीत बैल उभे. मालकाचं आधार, डॉक्टरचा दाखला, बिल्ल्याचा आकडा, आणि आपल्या कमिटीचं निमंत्रण पत्र, परवानगीच्या झेरॉक्ससकट, कन्नड आणि मराठी दोन्हीत. हे पत्र कमिटीनं पाठवायचं, पाहुण्यांवर सोडायचं नाही.

आता पैसा. परदेशात हार्नेस रेसिंग चालतं ते मुख्यतः पैजेच्या पैशातल्या वाट्यावर, स्वीडनमध्ये १९७४ पासनं एटीजी नावाची कंपनी पैज चालवते आणि त्यातनं ट्रॅक, बक्षिसं, सगळं निघतं. आपल्याकडं मैदानावर पैज लावणं गुन्हा आहे, कर्नाटक पोलिस कायद्यात जुगाराची कलमं आहेत, आणि लपूनछपून लागते तिथं शेवटी काठ्या निघतात. म्हणून तो रस्ता सोडा. आपल्याला तीनच वाटा, घरपट्टीसारखी गावपट्टी, प्रवेश फी आणि देणगी.

देणगीचं एकच सांगतो, एकाच माणसाकडनं सगळी घेऊ नका. कुणी कारखान्याचा माणूस असतो, कुणी निवडणुकीला उभा राहणारा, तो म्हणतो पहिलं बक्षीस माझ्याकडनं, लाख रुपये, बोर्ड माझा. छान. पुढच्या वर्षी निवडणूक नाही, तो नाही, आणि लोकांना लाखाची सवय झालेली. एका देणगीदाराकडनं एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा ठराव करून ठेवा, आणि आलेला पैसा पहिल्या नंबरावर ओतू नका.

समजा सगळे मिळून २ लाख जमा झाले. ६० हजार व्यवस्थेला बाजूला काढा, त्यात पाण्याचे टँकर, बांबू आणि जाळी, माईक, डॉक्टर, माणसांची अँब्युलन्स आणि जनावर उचलायची गाडी, आणि हे आधी. उरले १ लाख ४० हजार. जनरलला ४०, दुसा-चौसाला ३०, आदतला ३०, घोडागाडीला २५, आणि वासरू वाढवणाऱ्यांच्या बक्षिसाला १५. आदतचे ३० हजार असे फोडा की पहिला १० हजार, दुसरा ७, तिसरा ५, चौथा ३, आणि पुढच्या पाच गाड्यांना हजार-हजार. हजार रुपयात काही होत नाही असं म्हणू नका, टेम्पोचं भाडं निघतं, आणि भाडं निघालं की माणूस पुढच्या मैदानाला येतो. आदतची प्रवेश फी दोनशे-तीनशेच्या वर नको, जनरलवाल्याकडनं दीड-दोन हजार घ्या, तो देतो. बुलेट आणि ट्रॅक्टर ठेवणाऱ्या गावांना मी नावं ठेवत नाही, पण ते एकदाच पेटणारं लाकूड आहे.

मैदानाच्या दिवशीचं फार लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेच. सकाळी सहाला सुरू, अकराला बंद, परत चारनंतर, मार्च-एप्रिलचं ऊन आपल्या काळ्या रानात अंग भाजतंय. काठी, चाबूक, खिळा, बॅटरी, शेपूट पिरगाळणं, काहीही दिसलं की गाडी बाद आणि मालकाचं नाव माईकवर, दोन्ही भाषेत. इंजेक्शन दिल्याचा डॉक्टरना संशय आला तर पळवायचं नाही, वाद घालायचा नाही. पळून आलेला घोडा लगेच बांधू नका, दहा-पंधरा मिनिटं चालवा, अंगावर पाणी मारा, पाणी थोडं थोडं पाजा.

आणि वही. ही वही नसेल तर वरचं काहीच चालत नाही, दोनदा जिंकलेली जोडी, १० मीटर मागं जायचा घोडा, सहा महिने गोठ्यात असलेलं खोंड, सगळं तोंडी राहतं. शंभर पानी वही घ्या, एका जनावराला एक पान, वर बिल्ल्याचा आकडा, घोडा असेल तर रंग, कपाळावरची खूण, पायाचे पांढरे, उंची. खाली मैदान, तारीख, गट, दात, नंबर, किती मीटर मागनं सुटला, चाल किती वेळा मोडली, आणि वासरू कोणाच्या घरचं. मैदान संपल्यावर त्याच संध्याकाळी मालकाची सही घ्या, दुसऱ्या दिवशी पानांचे फोटो काढून आसपासच्या आठ-दहा गावच्या कमिट्यांना पाठवा आणि त्यांचे मागून घ्या. ज्येष्ठातल्या कर्नाटकी बेंदरापर्यंत, म्हणजे बैलांच्या सणापर्यंत, आपली मैदानं संपत आलेली असतात, तेव्हा सगळ्या वह्या एका देवळात आणून बसायचं, कोण कुठल्या गटात ते पुढच्या मोसमासाठी लिहून काढायचं आणि ज्याला पटत नाही त्यानं आषाढातल्या महाराष्ट्री बेंदराच्या आत सांगायचं. आमच्या वहीची सुरुवातीची पानं पावसात भिजली होती, तेव्हापासनं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, धान्याच्या कणगीवर ठेवतो.